तसबिरीखालची ओळ

गेल्या वर्षी नांदेड येथील आमच्या एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्याची आवराआवर चालली होती. माळ्यावरून खाली उतरविलेल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, जमाखर्चाच्या वह्या व पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका यांच्या तळाशी, एक लहानशी तसबीर सापडली. आकार तळहाताएवढा, कडा नक्षीदार कापलेल्या, एका कोपऱ्यावर कसरीने आपला हक्क बजावलेला. तीत सात माणसे आहेत. तिघे खुर्च्यांवर बसलेले, चौघे मागे उभे. उभ्या असलेल्या चौघांपाशी बंदुका. मध्यभागी बसलेल्या गृहस्थाच्या गळ्यात फुलांचा हार. डाव्या कडेस, कोणी न बोलाविता चित्रात शिरलेला, एक दहाबारा वर्षांचा मुलगा भलतीकडेच पाहून हसतो आहे. मागे दगडी भिंत व अर्धवट उघडे दार. तसबिरीच्या पाठीवर नाव नाही, गाव नाही, सन नाही.

घरातील वृद्ध आजी १९४८ साली आठनऊ वर्षांच्या होत्या. त्यांनी तसबीर डोळ्यांजवळ धरली आणि क्षणाचाही विचार न करता म्हटले, "हे रझाकार. ठेवून दे ते तिकडं." शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारी गल्ली गुरुजी म्हणते, यांनी चष्मा पुसून तीच तसबीर पाहिली व तितक्याच निश्चयाने सांगितले, "छे हो आजी, रझाकाराच्या गळ्यात झेंडूचा हार कोण घालील? ही आपली माणसं. उमरखेडच्या कॅम्पातली असणार." पुण्यास शिकत असलेला नातू दोघांच्याही खांद्यावरून डोकावून म्हणाला, "मला तर शिकारीला निघालेली मंडळी दिसतात. तो मुलगा कसा हसतोय बघा ना."

तिघेही शहाणे, तिघांचीही दृष्टी शाबूत, तसबीर एकच. आजींनी पुढे असेही सांगितले की, यांचे कपडे खाकी आहेत, त्यावरूनच आपण ओळखले. आता कृष्णधवल तसबिरीत खाकी काय आणि राखी काय, सारे करडेच. हार झेंडूचा होता की गुलाबाचा, हेही त्या करड्या रंगातून कोणास कळावे? परंतु आजींना खाकी दिसली आणि गुरुजींना झेंडू दिसला. दोघांपैकी कोणीही लबाडी करीत नव्हते. आधी माणसे कोण ते ठरले, आणि मग त्या ठरण्यास शोभेल असा रंग तसबिरीत चढला.

येथे परप्रांतीय वाचकांसाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे सगळे जिल्हे मोडत होते. १९४७ साली ब्रिटिश सत्ता गेल्यावर निजामाने हिंदी संघराज्यात सामील होण्याचे टाळले. इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची रझाकार ही सशस्त्र संघटना तेव्हापासून खेडोपाडी धुमाकूळ घालू लागली. उलट, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या सीमेबाहेर, हिंदी मुलखात, आपल्या सशस्त्र तुकड्यांचे तळ उभारले. नांदेडकरांना जवळचा असा तळ पैनगंगेपलीकडे उमरखेड येथे होता. म्हणजे एकाच वेळी, एकाच टापूत, दोन परस्परविरोधी बाजूंची तरुण माणसे बंदुका घेऊन वावरत होती, आणि दोघांनाही रांगेत उभे राहून तसबीर काढून घेण्याची हौस होती. त्या तसबिरी आज निरनिराळ्या ट्रंकांच्या तळाशी पडल्या आहेत.

तसबीर खोटे बोलत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती खरीही आहे. कारण तसबीर मुळी बोलतच नाही. भिंगासमोर जे होते त्याचा उजेड काचेवर वा फितीवर पडला, एवढेच ती सांगते. ते कोण होते, तेथे का जमले होते, त्याआधी काय घडले व नंतर काय घडले, यांपैकी एकाही गोष्टीचा ठसा उजेडातून उमटत नाही. ही सारी माहिती तसबिरीखालच्या ओळीत असते. ओळ नसेल तर पाहणारा ती आपल्या पदरची घालतो, आणि घातली आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही.

हिंदुस्थानात छायाचित्रकला आली तेव्हापासूनच ही अडचण तिच्याबरोबर आलेली आहे. लखनौच्या सिकंदर बागेची फेलिचे बेआतो याने घेतलेली तसबीर अनेक इतिहासग्रंथांत छापलेली आढळते. भग्न इमारतीसमोरच्या अंगणात माणसांची हाडे विखुरलेली आहेत, आणि चारदोन जिवंत माणसे स्वस्थपणे उभी आहेत. पाहणाऱ्यास वाटते, लढाई नुकतीच संपली. वस्तुतः तेथील कत्तल नोव्हेंबर १८५७ मधली, आणि बेआतो लखनौस पोहोचला तो १८५८ च्या मार्च महिन्यात. इतक्या अवधीनंतर हाडे अशी उघड्यावर व अशा सोयीच्या मांडणीने पडलेली असणे संभवत नाही, ती चित्रासाठी मांडली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हाडे खरी, कत्तल खरी, इमारत खरी. परंतु या तिघांना एका क्षणात आणून बसविणारा हात चित्रात दिसत नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, मद्रास इलाख्यातील विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या माणसांचे गट बसवून त्यांच्या तसबिरी घेतल्या. त्या पाहून आजही अंगावर काटा येतो. मात्र त्या तसबिरी तेथेच थांबल्या नाहीत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे चित्र म्हणून त्या अनेकदा पुढे केल्या जातात. भुकेने वाळलेला देह मद्रासचा व बंगालचा सारखाच दिसतो, हे कबूल. पण मद्रासच्या दुष्काळाचा जाब ज्या राज्यकर्त्यांस विचारावयाचा ते निराळे, बंगालच्या दुष्काळाचा जाब ज्यांस विचारावयाचा ते निराळे. ओळ बदलली की आरोपी बदलतो.

आमच्या मुलखाकडे वळावयाचे तर लाला दीनदयाळ यांचे नाव घेतल्यावाचून चालणार नाही. मीरतेजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेल्या, रुडकीस स्थापत्यशास्त्र शिकलेल्या या गृहस्थाने १८८५ च्या सुमारास सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचे पद मिळविले. पुढे निजामाने त्यांना राजा मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. जंग म्हणजे युद्ध. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसास लढवय्याचा किताब देणे ही दरबारी रीत असेल, परंतु आम्हांस ती फार सूचक वाटते. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबादेकडील मदतकामांच्या तसबिरी त्यांच्या नावे आहेत. त्यांत माणसे रांगेने बसविलेली, रांगेने उभी केलेली आहेत. ओळ झाकून पाहिले तर एखाद्या मोठ्या अन्नछत्राचे किंवा जत्रेतील पंगतीचे चित्र म्हणून ते सहज खपेल. सरकारने मदतकार्य किती शिस्तीने चालविले ते दाखविण्यास त्या तसबिरी उपयोगी पडाव्यात, हे त्यांच्या मांडणीवरूनच उघड आहे. आज आपण त्याच तसबिरींत मनगटे व बरगड्या शोधतो. दरबाराने त्यांत आपली व्यवस्था पाहिली, आपण आपला दुष्काळ पाहतो. दीनदयाळ यांनी काय पाहिले असेल, हे सांगणारा कागद तसबिरीबरोबर येत नाही.

आता १७ सप्टेंबरकडे येऊ. नांदेड काय, लातूर काय, सगळ्या मराठवाड्यात त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचा दिन साजरा होतो. झेंडावंदन होते, भाषणे होतात, आणि फलकांवर, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत व अलीकडे प्रत्येकाच्या खिशातील यंत्रावर एक तसबीर हटकून झळकते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हात जोडून उभे आहेत व समोर सरदार वल्लभभाई पटेल आहेत. खाली कधी लिहिलेले असते, "निजामाची शरणागती, १७ सप्टेंबर १९४८". कधी काहीच लिहिलेले नसते, कारण लिहिण्याची गरजच कोणास वाटत नाही. ज्याने सदतीस वर्षे संस्थानात राज्य केले, तो हात जोडून उभा आहे. यापरते शरणागतीचे चित्र ते काय असावयाचे?

ही तसबीर १७ सप्टेंबरची नाही. ती १९४८ चीही नाही. सरदार हैदराबादेस आले ते फेब्रुवारी १९४९ मध्ये, आणि बेगमपेटच्या विमानतळावर निजामाने त्यांचे स्वागत केले, त्या प्रसंगाची ती आहे. लढाई संपून तेव्हा पाच महिने झाले होते. संस्थानाचा कारभार मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी हे लष्करी राज्यपाल म्हणून पाहत होते. निजाम नावापुरते का होईना, गादीवर होते. भारताची राज्यघटना आपल्या संस्थानास लागू होईल असे फर्मान त्यांनी काढले ते नोव्हेंबर १९४९ मध्ये. आणि २६ जानेवारी १९५० पासून तेच राजप्रमुख झाले. म्हणजे विमानतळावर हात जोडणारा पुरुष हा रणांगणावरून नुकताच धरून आणलेला शत्रू नव्हता. आपले पुढचे स्थान कोणते, याची वाटाघाट मनात चालू असलेला, जुन्या राज्याचा एक अत्यंत सावध मालक पाहुण्यास सामोरा आलेला होता.

मग ती शरणागती नव्हती काय? येथे आम्ही घाईने उत्तर देऊ इच्छीत नाही. ज्यांच्यापुढे सारा दरबार कमरेत वाकून सलाम करी, त्यांनी दुसऱ्यास हात जोडावे, ही गोष्ट साधी नव्हती. परंतु हात जोडणे ही आपल्याकडे शरण जाण्याची खूण आहे तशीच ती पाहुण्याच्या स्वागताचीही आहे, देवदर्शनाचीही आहे, आणि निवडणुकीत मते मागण्याचीही आहे. तसबीर आपल्याला हात दाखविते. अर्थ आपण घालतो. ज्या घराने रझाकारांच्या भयाने रातोरात बार्शीची किंवा उमरखेडची वाट धरली होती, त्या घरास त्या हातांत पराभव दिसल्यावाचून राहत नाही, आणि ते आम्ही समजू शकतो. हैदराबादेच्या जुन्या खानदानी घरांतून त्याच हातांत तहजीब पाहिली जात असेल, तर तेही समजण्यासारखेच आहे.

पण मग १७ सप्टेंबरची तसबीर म्हणून हीच का पुढे यावी? आमच्या मते याचे कारण असे. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस मराठवाड्यास डोळ्यांनी कळलाच नाही, कानांनी कळला. १३ तारखेस भारतीय फौजा चोहोंकडून शिरल्या. सतराव्या दिवशी मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सायंकाळी निजामाने रेडिओवरून लढाई थांबविल्याचे जाहीर केले. रेडिओवरील आवाजाची तसबीर कसली काढणार? ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांनी तो ऐकला, त्यांच्याकडून आळीने ऐकला, आळीकडून गावाने. एवढा मोठा दिवस, आणि डोळ्यांपुढे धरावयास काही नाही. तेव्हा लोकांच्या स्मरणाने पाच महिन्यांनंतरची एक तसबीर उसनी आणली आणि रिकाम्या चौकटीत बसविली. हे कोणा एकाचे कारस्थान नव्हे. सणास देव लागतो, तशी स्मृतीस मूर्ती लागते.

वस्तुतः खऱ्या शरणागतीची तसबीर उपलब्ध आहे. १८ सप्टेंबर रोजी सिकंदराबादेजवळ हैदराबादच्या फौजेचे सेनापती सय्यद अहमद अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधुरींपुढे शस्त्रे ठेवली, तो प्रसंग तीत आहे. पण फलकांवर ती क्वचितच दिसते. एकदा लातूर येथे एका स्नेह्यांच्या घरी आम्ही ती तसबीर, खालची ओळ कागदाच्या पट्टीने झाकून, जमलेल्या मंडळींस दाखविली. दोन लष्करी अधिकारी समोरासमोर उभे. दोघांचाही पोशाख ब्रिटिशांनी शिकविलेल्या एकाच वळणाचा. दोघांच्याही उभे राहण्यात तीच कवायती ऐट. यांतील कोण हरला, असे विचारताच मंडळींत दोन तट पडले. एका मुलीने तर विचारले, "काका, हे एकमेकांना बक्षीस देतायत का?" हरलेल्याने हरल्यासारखे दिसावे अशी आपली अपेक्षा असते, आणि इद्रूस ती पुरी करीत नाहीत. खरी असूनही ती तसबीर मागे राहिली व विमानतळावरची पुढे गेली, याचे मर्म त्या मुलीच्या प्रश्नात आहे.

लातूरचे नाव निघालेच आहे, तर हेही सांगू, की आजच्या बाहेरच्या वाचकास लातूर ठाऊक आहे ते बव्हंशी दोन प्रसंगांच्या तसबिरींमुळे. एक प्रसंग ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा. अनंतचतुर्दशीची रात्र संपत आलेली, विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपलेली, आणि पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगतात. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळच्या तसबिरींत दगडांचे प्रचंड ढीग दिसतात आणि मधूनच एखादे कुडाचे खोपट धड उभे असलेले आढळते. दुरून पाहणारा समजतो, ढीग गरिबांच्या कच्च्या घरांचे असावेत व खोपट हा मदतवाल्यांनी मागाहून उभारलेला निवारा असावा. खरी हकीकत नेमकी उलट आहे. दोनदोन, तीनतीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी सुस्थितीतील कुटुंबांची घरे होती, ती कोसळली. हलकी झोपडी हादरली पण माणसांवर पडली नाही. गाव ज्यांना पक्की घरे म्हणत होता त्यांनीच माणसे मारली. हे तसबिरीत आहे, पण ते वाचण्यासाठी माळवद म्हणजे काय ते ठाऊक असावे लागते.

दुसरा प्रसंग २०१६ च्या एप्रिलचा. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून पाण्याची आगगाडी लातुरात आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. त्या गाडीची तसबीर पाहा. रुळांवर गोल टाक्यांच्या वाघिणी उभ्या आहेत, यापलीकडे तीत काही नाही. तेलाची गाडी अशीच दिसते. त्या वाघिणींकडे पाहून ज्याचा कंठ दाटून येतो, त्याने टाकीच्या आत पाहिलेले असते, आणि टाकीच्या आत कॅमेरा शिरत नाही.

पण लातूरच्या इतिहासात आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी मराठवाड्यात जे केले ते येथील घराघरांत आजही सांगितले जाते, व ते सांगितले जाणे योग्यच आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात जळलेली घरे, ओस पडलेली गावे, सीमेपलीकडे धावलेली बायकापोरे, हे सारे खरे आहे. परंतु १७ सप्टेंबरनंतर जे घडले तेही खरे आहे, आणि ते मात्र फार थोड्या घरांत सांगितले जाते. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची एक समिती हैदराबाद संस्थानात पाठविली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समितीने दौरा करून पाचशेंहून अधिक माणसांच्या जबान्या घेतल्या. लढाई थांबल्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे, बहुतेक सारी मुसलमान, मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वांत अधिक झळ ज्या चार जिल्ह्यांस पोहोचली त्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. बाकीचे दोन गुलबर्गा व बीदर. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. लातूर शहरात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, व सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी समितीस तेथे जेमतेम तीन हजार आढळले, असे अहवालात नमूद आहे. ठिकठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांस वाचविल्याच्याही नोंदी त्यात आहेत. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकांनंतर तो अभ्यासकांच्या हाती आला.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी की, लातूरच्या एखाद्या ट्रंकेत जळलेल्या घराची एक तसबीर आहे. भिंती काळ्या पडलेल्या, तुळया अर्ध्या जळून लोंबणाऱ्या, उंबऱ्याशी एक उपडे भांडे. मागे एवढेच लिहिले आहे: लातूर, १९४८. हे घर जुलैत जळले असेल तर ते एकाचे. ऑक्टोबरात जळले असेल तर बहुधा दुसऱ्याचे. धूर सारखाच काळा असतो, उपडे भांडे दोन्ही घरांत सारखेच पितळेचे असते. ते पाहून आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात विनाविलंब 'जुलै' हाच महिना येईल. आमच्या मनातही तोच आला असता, हे आम्ही येथे मान्य करून ठेवतो. तसबिरीने आम्हांस तसे सांगितलेले नसते. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींनी ती ओळ आमच्यासाठी आधीच लिहून ठेवलेली असते. आणि ज्या घरातील गोष्ट आम्ही ऐकलीच नाही, त्या घराचे जळणेही मग आमच्याच खात्यावर दुःख म्हणून जमा होते. इतिहासाच्या जमाखर्चात याहून अवघड चूक आम्हांस माहीत नाही, कारण ती करणारा प्रामाणिक असतो.

कोणी म्हणेल, मग अशा तसबिरी पाहूच नयेत की काय? आमचे म्हणणे तसे नाही. तसबीर पुष्कळ सांगते, पण ती विचारील त्यालाच. सावली कोणत्या बाजूस पडली आहे, झाडास पाने किती आहेत, जमीन ओली की भेगाळलेली, पायांत जोडा कोणता, भिंतीचे दगड कोणत्या घडणीचे, कागदाच्या पाठीवर कोणत्या कारखान्याची खूण आहे, असे क्षुल्लक प्रश्न आधी विचारावे. भेगाळलेली जमीन दिसली तर ती तसबीर ऐन पावसाळ्यात घेतलेली नसावी, एवढे तरी म्हणता येते. माणसे कोण, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आपण तो सर्वांत आधी विचारतो, आणि उत्तर मिळाल्यावर बाकीचे विचारीतच नाही.

नांदेडच्या त्या तसबिरीस आम्ही हे क्षुल्लक प्रश्न विचारून पाहिले. चौघांच्या पायांतील जोडे चार प्रकारचे निघाले. एकाच्या पायांत साध्या चपला होत्या. सरकारी शिकस्तीची फौज ही नव्हे, एवढे ठरले; पण रझाकार काय किंवा कॅम्पातले तरुण काय, दोन्हीकडे जो तो आपल्या घरच्याच जोड्यांनी आला असेल. बंदुकांपैकी दोन ठासणीच्या वाटल्या, म्हणजे शिकारीचा पक्ष थोडा बळावला आणि नातवाची कॉलर ताठ झाली. हाराबद्दल गुरुजींचे म्हणणे आम्हांस प्रथम पटले होते. मग आजीच म्हणाल्या की, त्या दिवसांत कोणाच्या गळ्यात हार घालावयाचा हे घरमालकाच्या मर्जीवर नव्हते. दारात बंदुका येऊन उभ्या राहिल्या की हार आपोआप निघत. गुरुजी यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटी प्रश्न राहिला तो ही तसबीर या घरात का जपली गेली याचा. ती फाडून टाकता आली असती. १९४८ च्या सप्टेंबरनंतर कित्येक घरांनी कित्येक कागद चुलीत घातले. ही मात्र लग्नपत्रिकांखाली नीट ठेवलेली होती. आजींनी ती तिसऱ्यांदा हातात घेतली तेव्हा त्या बंदुकांकडे पाहत नव्हत्या. डाव्या कडेच्या मुलाकडे पाहत होत्या. "हा कोण?" असे आम्ही विचारले. त्यांनी तसबीर परत दिली व चहा टाकावयास सांगितला.

त्या दिवशी आम्ही एका कागदावर लिहिले: तसबीर कोठे सापडली, ट्रंक कोणाची, सोबत कोणते कागद होते, व कोणी काय म्हटले. मते वयाच्या क्रमाने लावली, त्यामुळे आजींचे पहिले आले आणि नातवाचे शेवटचे. नातू तसबिरीच्या पाठीवरच लिहू लागला होता, त्यास आवरले. दाबून लिहिले तर पुढच्या बाजूस व्रण उठतो. कागद व तसबीर वेगवेगळ्या पाकिटांत घालून दोन्हींवर एकच खूण केली. मुलाच्या नावासाठी कागदाच्या तळाशी दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे.